कोट उलटा घातलेली बाई

"पल्याड कुणाची गं, सावलीत उभी लेक,
ऊन लागंल बाळाला, पदर धरा कुणी एक..."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या तोंडात लिमलेटची गोळी होती. त्यामुळं ती ओवी आठवली की अजून जिभेवर आंबटगोड लागतं. आवाज जाडसर होता, जात्याच्या घरघरीत अर्धा बुडालेला, दगडी भिंतीच्या पलीकडून येणारा. भिंतीच्या अलीकडं चिंचेच्या सावलीत मी आणि अण्णा. अण्णांच्या एका हातात माझी बोटं, दुसऱ्या हातात रिकाम्या गाठोड्याचं धडपं.

"अण्णा, कोण म्हणतंय?"

"दळणारी बाई."

"तिचं बाळ उन्हात आहे?"

"नाही गं. सावलीतच आहे."

"मग पदर कशाला धरायचा?"

अण्णांनी भिंतीकडं पाहिलं. भिंतीला वरच्या अंगाला एक जाळीची खिडकी होती. "चल," ते म्हणाले, "गाडी यायची वेळ झाली." गाडी काही लगेच आली नाही. आम्ही फाट्यावर पुष्कळ वेळ उन्हात उभे होतो.

तिथं मी दोन-चारदा गेले असेन. मग शाळा सुरू झाली, मला प्रश्न विचारता यायला लागले, आणि अण्णांनी मला बरोबर न्यायचं बंद केलं. ते मात्र जात राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी गाठोडं बांधायचं, सकाळची एसटी धरायची, आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. कुठं जाता म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "एका संस्थेचे कपडे असतात."

आम्ही शिंपी. फलटणला मारवाड पेठेच्या मागच्या बोळात आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत अण्णांचं मशीन, मागच्या खोलीत चूल, आत्या आणि मी. आत्या अण्णांची थोरली बहीण, लहानपणीच कपाळ पांढरं झालेली. तिनंच मला वाढवलं. अण्णांचं नाव गावात होतं ते कोट उलटवण्यासाठी. जुना कोट उसवायचा, कापड फिरवायचं, आतली न विटलेली बाजू वर घ्यायची आणि पुन्हा शिवायचा. नवा कोट ज्यांच्या आवाक्यात नसायचा असे मास्तर आणि कारकून यायचे. अण्णा म्हणायचे, "कापडाला दोन जन्म असतात. माणसाचं काही सांगता येत नाही."

आणखी एक काम ते करायचे, त्याचं मला नवल वाटायचं. बायकांची पोलकी शिवायचे, पण त्यांना हुक लावायचे नाहीत. पुढं रुंद बंद. नुसते ओढले की बसावेत असे. शिवायला बसले की माप घ्यायचे नाहीत, जुनं पोलकं समोर ठेवायचे नाहीत. कात्री आपोआप चालायची.

"हे कुणाचं माप, अण्णा?"

"आहे एक गिऱ्हाईक."

"आणि हुक का नाहीत?"

"तिला बंद बरे पडतात."

एवढंच. अण्णा कमी बोलायचे. मशीन त्यांच्या वाटचं बोलायचं.

माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली, असं मला सांगितलेलं होतं. कशानं? आत्या म्हणायची, तापानं. कुठं? दहिवडीला, आपलं मूळ घर होतं तिथं. फोटो? "आपल्यात कुठले गं फोटो." नाव गोदावरी. एवढीच माझी आई: एक गाव, एक ताप, एक नाव. आणि पितृपंधरवडा आला की आमच्या घरात ते नावही कुणी घेत नसे. बोळातल्या घराघरांतून वडे तळल्याचा वास यायचा, कौलांवर कावळे जमायचे. आमच्या कौलावर नाही. नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं पान वाढतात. एखादी सवाष्ण जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात, आणि तिनं खाल्लेलं गेलेलीला पोचतं म्हणतात. माझ्या आईला कुणी काही पोचवलं नाही. मी लहान असताना मला याचं काही वाटलं नाही. कॉलेजात गेले, आणि वाटायला लागलं.

कारण कॉलेजात मला मतं फुटली.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला अमेरिकेचा इतिहास होता. शिकवायला दात्ये मॅडम. पुण्याहून आलेल्या, किडकिडीत, टेबलाच्या कडेला टेकून बोलायच्या आणि बोलता बोलता चष्म्याची काडी चावायच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका त्यांनी आमच्यासमोर अशी उभी केली की फलटणच्या बाणगंगेत मला बोटी दिसायला लागल्या. आणि प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार. पोलादाच्या कारखानदारांनी गावोगाव वाचनालयं बांधली, असं त्या म्हणाल्या; मी म्हटलं, भट्टीवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्यानं वाचायचं कधी? दारूबंदी फसली, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मार खाणाऱ्या बायकांना विचारून ठरवलं का फसली म्हणून?

"हेंद्रे," मॅडम म्हणायच्या, "तुझी मतं उत्तरपत्रिकेत मावायची नाहीत. पुरवणी मागून घेत जा."

वर्ग हसायचा. मला ते हसणं आवडायचं.

त्या दिवशी मॅडमनी न्यूयॉर्कच्या बंदरातलं बेट शिकवलं. युरोपातून बोटी भरभरून माणसं यायची. इटलीचे शेतमजूर, पोलंडचे, रशियातून जीव घेऊन पळालेले ज्यू. महागाच्या तिकिटावर आलेल्यांची तपासणी बोटीवरच, वरवरची. तळातल्या वर्गातून आलेल्यांना त्या बेटावर उतरवायचे. गाठोडी घेऊन रांगेनं चालवायचे, आणि डॉक्टर उभं राहून बघायचे. कोण लंगडतं, कुणाला धाप लागते, कुणाचे डोळे लाल आहेत.

"बुटाची बटणं ओढायचा आकडा असतो, त्यानं पापणी उलटी करून बघायचे," मॅडम म्हणाल्या. मुलींनी डोळे मिटून घेतले. "आणि संशय आला की कोटावर खडूनं एक अक्षर. डोळ्यांचं वेगळं, छातीचं वेगळं, पायाचं वेगळं. खूण पडली की माणूस रांगेतून बाजूला. काही बरे व्हायचे, आत जायचे. डोळ्यांचा चिवट रोग निघाला तर आला त्या मार्गानं परत."

मग त्या थोडं हसल्या. "असं सांगतात, की काही जणांनी युक्ती केली. खूण पडली की गर्दीत कोट काढायचा, उलटा करायचा, अस्तराची बाजू वर घेऊन घालायचा, आणि पुढं चालू लागायचं."

वर्ग हसला. मी हसले नाही. माझ्या डोळ्यासमोर अण्णांची खुंटी आली, तिच्यावर टांगलेले उलटवलेले कोट आले.

"आता मला सांगा. एक कुटुंब आहे. नवरा, बायको, लेकरं. घर विकून आलेत. बायकोच्या कोटावर डोळ्यांची खूण पडली. ती परत जाणार. बाकीच्यांना आत जायची मोकळीक आहे. त्यांनी काय करावं?"

मी हात वर केला नाही, उभीच राहिले.

"सगळ्यांनी परत जावं, मॅडम. तिला एकटीला बोटीत बसवून जे पुढं गेले, त्यांनी कितीही मोठी घरं बांधली असोत, त्या घरांना पाया नाही. अमेरिकेला कामाचे हात हवे होते, माणसं नको होती. ते त्यांचं. पण घरच्यांनीही तेच केलं, तर घरच्यांत आणि खडूवाल्यांत फरक काय?"

शशिकला मुळीक, माझ्या बाकावरची, बसल्या बसल्या म्हणाली, "आणि तीच म्हणाली असेल तर? लेकरं घेऊन पुढं जा म्हणून?"

"आई तसंच म्हणणार. म्हणून ऐकायचं?"

"तुला सोपंय गं बोलायला."

दात्ये मॅडमनी चष्म्याची काडी तोंडातून काढली. "प्रमिला, हे लिहून आण. शनिवारी इतिहास मंडळात वाच. पालकांनाही बोलवलंय या खेपेला. तुझे वडील येतील?"

"आणते, मॅडम."

घरी आले तेव्हा अण्णा कुणाचा तरी तपकिरी कोट उसवत होते. मी चहासुद्धा न घेता सुरू केलं. बेट, रांग, आकडा, खडू. अण्णांनी मान वर केली नाही, पण उसवायचा वेग मंदावला.

"खडू म्हणजे आपल्यासारखा?" त्यांनी मापाचा चपटा खडू उचलून दाखवला.

"फळ्याचा असेल."

"आणि कोट उलटा घातला? अस्तर वर?"

"हो."

"कुणाला कळलं नाही?"

"गर्दी असेल ना, अण्णा. हजारो माणसं."

"गर्दीचं सोड. बरोबरच्यांना कळलं असंल की. शेजारी उभे होते त्यांना. ते बोलले नाहीत?"

"घरचे कशाला सांगतील?"

अण्णांनी खडू खाली ठेवला. बोटांना लागलेली पांढरी पूड धोतराला पुसली, मग पुन्हा पुसली.

"बरं, त्या बाईचं काय झालं? परत पाठवली तिचं."

"गेली परत."

"पोचली?"

"ते पुस्तकात नाही."

"आणि लेकरं?"

"ती अमेरिकेत राहिली. शिकली असतील, मोठी झाली असतील."

"मग झालं तर."

"काय झालं तर?" माझा आवाज चढला. "अण्णा, आईला बोटीत बसवून पुढं गेलेली माणसं ती. तुम्हाला काही वाटत नाही?"

मागच्या खोलीतून आत्या म्हणाली, "प्रमे, चहा गार होतोय. अमेरिका काय पळून जात नाही."

"शनिवारी मी हेच वाचणार आहे. तुम्ही यायचंय."

"मला काय कळतंय त्यातलं," अण्णा म्हणाले आणि मशीनचं चाक फिरवलं. सुईखाली कापड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नळावर हिराकाकूंनी घागर खाली ठेवता ठेवता विषय काढला. हिराकाकू समोरच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंड कात्रीसारखं.

"काय गं, एवढी शिकलीस. यंदा तरी आईचं पान वाढणार का तुम्ही? बिचारी सवाष्ण गेली. अशा बायकांचा जीव उंबऱ्यात घुटमळतो म्हणतात."

"अण्णा करत नाहीत."

"पुरुषांना काय. तू कर. लेकीनं केलं तरी पोचतं. मी येते जेवायला सवाष्ण म्हणून. नाही तरी आमच्यात यंदा सुतक आहे, घरी काही करायचं नाही."

"सुतकात चालतं?"

"भाऊबंदातलं लांबचं आहे गं. कालच फिटलं."

मी घागर घेऊन घरी आले ती ठरवूनच. आत्या जोंधळे निवडत होती. मी म्हटलं, परवा नवमी, मी आईचं पान वाढणार.

आत्याचा हात सुपात थांबला. "नको गं."

"का?"

"आपल्यात नाही."

"सगळ्या शिंप्यांत आहे. माळवद्यांत करतात, खटावकरांत करतात. आपल्यातच का नाही?"

"अण्णाला विचार."

अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "नाही करायचं." का म्हटलं तर मशीन चालू केलं. मशीन चालू असलं की आमच्या घरात संवाद संपायचा. पण त्या दिवशी माझ्यात अमेरिका होती. मला वाटलं, मी विसाव्या शतकातल्या सगळ्या बायकांच्या बाजूनं उभी आहे. मग स्वतःच्या आईच्या बाजूनं का नाही? आई असती तर तिच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं, भांडले असते, वेणी घालून घेतली असती. ती नव्हती. मला तिच्यासाठी करता येण्यासारखं जगात एकच काम उरलं होतं, चार घास वाढायचं, आणि तेही मला करू देत नव्हते.

नवमीला अण्णा गाठोडं घेऊन सकाळच्या गाडीला गेले. मला तीच वेळ हवी होती. मी चूल पेटवली. आत्या उंबऱ्यात बसून राहिली. मदत केली नाही, अडवलंही नाही. फक्त एकदा म्हणाली, "खीर करतीस, तर गूळ जास्त घाल." मी म्हटलं, आईला गोड आवडायचं का? तिनं तोंड फिरवलं.

भात, वरण, भोपळ्याची भाजी, आळू, भरड्याचे वडे, खीर. पान मांडलं. हिरवा खण आणला होता, नारळ होता. कौलावर घास ठेवला. हिराकाकू नवं लुगडं नेसून आल्या, पाटावर बसल्या. मी त्यांचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, आणि मनात म्हटलं, गोदावरी दामोदर हेंद्रे, जेवा.

हिराकाकूंनी पानाभोवती पाणी फिरवलं, आणि दारात सावली पडली.

अण्णा होते. काखेत गाठोडं तसंच. गाडी मोडली होती वाटेत, ते चालत परत आले होते. धोतरभर धुरळा. त्यांनी पान पाहिलं, पाट पाहिला, खण पाहिला.

"वहिनी, उठा."

"अहो दामूअण्णा, पानावरनं उठवता होय सवाष्णीला?"

"पाया पडतो. घास घेऊ नका. उठा."

हिराकाकू उठल्या. दारात त्या म्हणाल्या, "जिवंतपणी सुखी ठेवली नसंल, मेल्यावर तरी उपाशी ठेवू नका." आणि गेल्या.

मला रडू आलं नाही. रडण्याच्या पलीकडचं काही तरी आलं.

"काय जात होतं तुमचं?" मी म्हटलं. "तिच्या नावानं कुणी चार घास खाल्ले असते तर काय जात होतं? मी लिहिलंय ना, ते तुमच्यासारख्यांचंच लिहिलंय. माणूस गेलं, की पाठ फिरवायची. नाव घ्यायचं नाही. पुढं चालू लागायचं. तुमच्यात आणि त्या बोटीवरच्यांत काय फरक?"

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. गाठोडं मांडीवर घेतलं.

आत्या उंबऱ्यातून म्हणाली, "दामू, सांग आता. हे माझ्याच्यानं गिळवत नाही."

अण्णा पानाकडं बघत होते. खिरीवर साय धरत होती.

"जित्या माणसाचं पान वाढत नाहीत, प्रमिले," ते म्हणाले.

कौलावरचा घास कावळ्यानं कधीच नेला होता. त्याला काय ठाऊक.

मग अण्णांनी गाठोड्याची गाठ सोडली. सगळ्यात वर एक पोलकं होतं, आंब्याच्या कोवळ्या पानाच्या रंगाचं, पुढं रुंद बंद असलेलं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ते हातात धरून उभी राहिले, आणि अण्णा तुटक तुटक बोलत राहिले.

दहिवडीला असताना तिच्या डाव्या हातावर डाग उठला. महारोगाचा. गावाला कळलं. शेजारणींनी पाण्याची वाट बदलली. शिवायला टाकलेले कपडे माणसं न शिवताच परत घेऊन गेली. महारोग्याच्या घरात शिवलेलं कोण घालणार. मला कुणी अंगाखांद्यावर घेईना.

"तीच म्हणाली. पोरीला घेऊन दुसऱ्या गावाला जा. मी मेले म्हणून सांगा. म्हणाली, जित्या महारोग्याची लेक कुणी करत नाही. मेलेल्या बाईची करतात."

"आणि तुम्ही ऐकलं."

"ऐकलं."

"ती भिंत," मी म्हटलं. "चिंच होती तिथं."

"त्या संस्थेची. जात्याच्या खोलीला खिडकी होती. तिला आतनं, लांबनं बघता यावं म्हणून तुला सावलीत उभी करायचो. तेव्हा तिची बोटं होती. दळायची." ते थांबले. "आता रोग नाही. कधीच बरा झाला. बोटं गेली ती गेली. म्हणून बंद."

"मग आणलं का नाही घरी?"

"म्हटलं. एकदा नाही, कितीदा म्हटलं. ती म्हणती, लेकीचं लग्न होऊ दे."

आत्या उठली, तिनं पान उचललं आणि बोळातल्या गाईपुढं नेऊन ठेवलं. पाट भिंतीला लावला. हळदकुंकवाचं पाणी सांडलं होतं तिथं पोतेरं फिरवलं. मग ती चुलीपाशी बसली आणि तिनं नव्यानं खीर केली, गूळ जास्त घालून. डब्यात भरली.

"ही तिची," म्हणाली. "ही कुणाला पोचवावी लागत नाही. हातात देता येती."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. मी खिडकीशी, मांडीवर डबा. अण्णा शेजारी, मांडीवर गाठोडं. बाहेर बाजरीची कणसं भरलेली होती. मला आठवतं, मी सारखी माझ्या मताकडं परत जात होते, कुलूप लावलंय का बघायला माणूस परत परत दाराशी जातो तशी. सगळ्यांनी परत जावं. परत म्हणजे कुठं? दहिवडीला? जिथं पाण्याची वाट बदलत होते तिथं? शशिकलाचं ऐकू येत होतं: तुला सोपंय गं बोलायला. पण मत मोडत नव्हतं. ते खरंच होतं, आणि अण्णाही खरेच होते. दोन्ही खऱ्यांच्या मधे मी मांडीवर डबा घेऊन बसले होते, आणि पहाटे आत्यानं पुन्हा ऊन करून दिलेला डबा अजून कोमट होता.

शनिवारी इतिहास मंडळात माझं नाव पुकारलं तेव्हा मी उभी राहिले आणि म्हटलं, मॅडम, माझं मत अजून झालेलं नाही. मुलं हसली. दात्ये मॅडम हसल्या नाहीत. पुढं मीही कॉलेजात इतिहास शिकवला. तो तास आला की बेट सांगायची, रांग सांगायची, आकडा सांगायची. कोट उलटा घातलेल्यांची गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. सांगितली असती तर कुणी तरी नक्की विचारलं असतं, बरोबरच्यांना कळलं नाही का म्हणून.

त्या सकाळी आम्ही फाट्यावर उतरलो. चिंच होती, पण माझ्या आठवणीपेक्षा लहान. भिंतीचा चुना उडालेला. जातं गप्प होतं. फाटक नुसतं लोटलेलं, आत स्वच्छ झाडलेलं अंगण, आणि लांब एका ओट्यावर कुणी तरी बाई ऊन पाठीला घेऊन बसलेली. तिचं तोंड पलीकडं होतं. अंगात पोलकं होतं, त्याचा बंद मागून दिसत नव्हता. पण खांद्याचा उतार मला ओळखीचा वाटला. रोज आरशात दिसणारा.

मी फाटकाला हात घातला. अण्णा चिंचेखालीच थांबले होते.

"येताय ना?"

"तू हो पुढं. मी येतो मागनं." मग म्हणाले, "थांब. आत जायच्या आधी ऐक. ती तुला हे कधी सांगायची नाही. मलाही इतक्या वर्षांत एकदा बोलली नाही."

मी फाटक धरून उभी राहिले. सावलीत, लहानपणी उभी राहायची तिथंच.

"तू परवा म्हणालीस ना, घरचे कशाला सांगतील."

"अण्णा, राहू दे आता ते."

"ऐक. दहिवडीला एक तपासणारा आला होता. दारोदार फिरत होता. माणूस चांगला. गोळ्या द्यायचा, घरी राहिलं तरी चालतं म्हणायचा. आमच्या दारात येऊन त्यानं हळूच विचारलं, घरात कुणाच्या अंगावर डाग आहे का. तू हिच्या कडेवर. हिनं डाव्या हातावरनं पदर ओढून घेतला, तुला ऊन लागू नये म्हणून घ्यावा तसा. आणि माझ्याकडं बघितलं. नाही म्हणा, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. समोर सगळी आळी दारांत उभी." अण्णांनी गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं. "त्या पदराखाली तू होतीस, प्रमिले. मला तुझ्यासाठी भीती वाटली. त्या माणसानं तिला हात लावला नव्हता, काही बघितलंही नव्हतं, तो पुढच्या दाराकडं वळत होता. तो पदर मी बाजूला केला."